मुक्तस्रोताची सनद : दिल्लीच्या दप्तरातील एक तप

इसवी सन २००२ च्या नोव्हेंबर महिन्यात मायक्रोसॉफ्टचे अध्वर्यू बिल गेट्स दिल्लीस आले, भारतात तीन वर्षांत ४० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा त्यांनी केली, आणि त्याच मुक्कामात राष्ट्रपतिभवनात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची भेट घेतली. ती भेट केवळ शिष्टाचाराची नव्हती हे लोकांना सहा महिन्यांनी कळले. कारण २८ मे २००३ रोजी पुण्याच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी या संस्थेच्या समारंभात राष्ट्रपतींनी स्वतःच त्या संभाषणाचा वृत्तान्त सांगितला. संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला असता, आपल्या सुरक्षेच्या युक्त्या आपल्याला आत घालता याव्यात म्हणून मूळ संहिता उघडी मिळाली पाहिजे असे मत आपण मांडले, उभयतांची मते भिन्न असल्याने संभाषण अवघड होऊन बसले, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. आणि कोट्यवधींच्या या देशात मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स आज्ञावलींना मोठे स्थान मिळाले पाहिजे, अन्यथा एखाद्या कंपनीच्या व्यापारनीतीतील लहानशा बदलानेही समाजाचे जीवन विस्कळीत होईल, असा इशारा दिला.

त्या भाषणापासून मार्च २०१५ मधील केंद्र सरकारच्या धोरणपत्रकापर्यंत जवळजवळ एक तप लोटले. या तपात राष्ट्रपतींच्या वटहुकमात, संसदेच्या चर्चेत, भारतीय मानक ब्युरोच्या समितीकक्षात आणि लोधी रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक्स निकेतनाच्या दप्तरांत, निमित्ते निरनिराळी असली तरी प्रश्न एकच पुनःपुन्हा पुढे येत राहिला, आणि तो म्हणजे संगणकाची आज्ञावली कोणत्या अटींवर घ्यावी व कोणत्या अटींवर द्यावी. सर्वसामान्य वाचकाला हा विषय वकिलांचा आणि प्रोग्रॅमरांचा वाटतो. परंतु ज्या यंत्रांवर आज रेशनपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंतचे व्यवहार चालतात, त्यांच्या पोटातील बहुतेक संहिता परक्याने लिहिलेली आणि कुठल्यातरी परवान्याखाली आलेली असते. म्हणून त्या परवान्यांचा इतिहास हा आपल्या राज्यकारभाराच्याच इतिहासाचा एक भाग आहे, अशी माझी धारणा आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास १९६९ पर्यंत मागे जावे लागते. तोवर संगणक घेणाऱ्याला यंत्राबरोबरच आज्ञावलीही मिळे. तिची निराळी किंमत नसे, आणि तिची संहिता वाचणे, बदलणे, दुसऱ्याला देणे यात कोणास गैर वाटत नसे. त्या वर्षीच्या जून महिन्यात आयबीएमने यंत्र आणि आज्ञावली यांची किंमत वेगळी लावण्याचा निर्णय जाहीर केला, आणि आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू झाली. भारतात या स्थित्यंतराला निराळी पार्श्वभूमी लाभली. परकीय चलन नियमन कायद्याखाली आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास नकार देऊन आयबीएम १९७८ मध्ये देशाबाहेर पडली. आणि त्याच्या दोन वर्षे आधी, १९७६ मध्ये, दिल्लीत सरकारी खात्यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि खाजगी क्षेत्रात एचसीएल अशा दोन संस्था उदयास आल्या होत्या. पुढे १९८४ च्या दुरुस्तीने संसदेने १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयीन कृतींच्या पंक्तीत बसवले. त्या दिवसापासून भारतातही आज्ञावलीची प्रत करणे अथवा तीत फेरफार करणे हा कर्त्याच्या अनुज्ञेचा विषय झाला, आणि तिच्या व्यवहाराचे मुख्य साधन परवाना हेच ठरले.

नेमक्या याच काळात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने प्रताधिकाराच्याच शस्त्राने प्रताधिकाराची मक्तेदारी मोडण्याची युक्ती शोधून काढली. १९८३ मध्ये त्याने आपल्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याचा आशय असा, की ही आज्ञावली घ्या, अभ्यासा, बदला, वाटा, हवी तर विका. परंतु बदललेली कृती दुसऱ्याच्या हाती द्याल तर ती मूळ संहितेसह आणि याच अटींवर द्या. दान घेणाऱ्यावर दानाचेच ऋण ठेवणारा हा करारनामा होता, आणि पुढील सर्व इतिहास या एका अटीभोवती फिरतो.

लायब्ररीच्या बाबतीत ही अट विशेष बिकट ठरते. पडद्यावर खिडक्या व बटणे काढणे, पीडीएफ घडवणे, माहिती साठवून हवी तेव्हा शोधून देणे, मजकूर गुप्त करणे अशी कामे असंख्य आज्ञावलींना लागतात; ती प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेला आणि इतरांनी आपल्या आज्ञावलीत जोडून घ्यायचा जो संहितासमूह, त्यास लायब्ररी म्हणतात. घर बांधणारा दारे-खिडक्यांच्या चौकटी तयार आणून बसवतो, तसा हा प्रकार आहे. पण ती चौकट जीपीएलची असेल, तर ते घर दुसऱ्याच्या हाती देताना संपूर्ण घराचा नकाशाही खुला करून देण्याचे दायित्व बांधणाऱ्यावर येते. आणि ज्याचा उदरनिर्वाह त्या नकाशाच्या गोपनीयतेवर अवलंबून आहे असा व्यापारी तिला हात लावण्यास धजत नाही. ही अडचण ओळखून स्टॉलमनच्या संस्थेने १९९१ मध्ये लायब्ररींसाठीच एलजीपीएल हा सौम्य परवाना काढला, ज्यात लायब्ररीतील सुधारणा खुल्या कराव्या लागत, पण तिला जोडलेली स्वतःची आज्ञावली झाकून ठेवता येई. १९९९ मध्ये मात्र त्याच संस्थेने आपला सूर बदलला, त्या परवान्याच्या नावातील लायब्ररीचा उल्लेख काढून टाकला, आणि शक्य तेथे लायब्ररींनाही मूळ जीपीएलच लावावा असा आग्रह धरला.

व्यापारी परवान्याचा मार्ग येथूनच फुटला, आणि तो नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील एका लहानशा कंपनीने रुंद केला. हाव्हार्ड नॉर्ड आणि आइरिक चांबे-एंग या दोघा अभियंत्यांनी १९९४ मध्ये ट्रोलटेक ही कंपनी स्थापिली आणि पुढच्या वर्षी क्यूट ही, पडद्यावरील खिडक्या-बटणांची लायब्ररी, प्रसिद्ध केली. जो आपली आज्ञावली खुली ठेवील त्यास ती विनामूल्य, आणि जो आपली आज्ञावली बंद ठेवून विकील त्याने मोल देऊन परवाना घ्यावा, असे तिचे सूत्र होते. १९९६ मध्ये जर्मनीत मॅथियस एट्रिश याने लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीसाठी केडीई हा कार्यपटल याच लायब्ररीवर उभारला, आणि वादळ उठले. कारण क्यूटचा विनामूल्य परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, बदललेली प्रत वाटण्याची मुभा त्यात नव्हती. या आक्षेपातूनच १९९७ मध्ये ग्नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प जन्मास आला. ट्रोलटेकने हट्ट न धरता १९९८ मध्ये केडीईच्या मंडळींबरोबर एक न्यास स्थापून विलक्षण तह केला. कंपनीने बारा महिन्यांच्या आत क्यूटची नवी मुक्त आवृत्ती काढली नाही, तर ती लायब्ररी अगदी शिथिल अटींवर सर्वांस खुली करण्याचा अधिकार त्या न्यासास राहील, असे तहाचे कलम होते. पुढे सप्टेंबर २००० मध्ये क्यूटला जीपीएल लागू झाला. कंपनी विकली जावो वा बुडो, तिच्या भरवशावर बांधलेले सार्वजनिक काम उघड्यावर पडू नये अशी लेखी तरतूद व्यापाऱ्याने स्वखुशीने करून ठेवल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही; २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली आणि पुढे ती लायब्ररी आणखी हस्तांतरित झाली, तरी तो तह टिकून राहिला.

स्वीडनच्या मायएसक्यूएल कंपनीने २००० मध्ये हाच दुहेरी परवान्याचा कित्ता माहितीकोशाच्या म्हणजे डेटाबेसच्या क्षेत्रात गिरवला. तिच्या चौथ्या आवृत्तीत माहितीकोशाशी जोडणाऱ्या लायब्ररीचा परवाना एलजीपीएलवरून जीपीएलवर नेण्यात आला, तेव्हा निराळ्या मुक्त परवान्याखाली असलेल्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेसारख्या प्रकल्पांची कोंडी झाली आणि २००४ मध्ये कंपनीला त्यांच्यासाठी खास अपवाद लिहून द्यावा लागला. तरीही व्यवसाय फळला, आणि २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली. या सर्व योजनेची एक पूर्वअट असते आणि तिच्याकडे वाचकाने नीट लक्ष द्यावे. एकाच संहितेचे दोन परवाने देण्याचा अधिकार ज्याच्याकडे संपूर्ण प्रताधिकार एकवटला आहे त्यालाच असतो. म्हणून अशी कंपनी बाहेरून सुधारणा पाठवणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून हक्कपत्र लिहून घेते. शंभर हातांनी स्वतंत्रपणे घडलेल्या, शंभरांच्या मालकीच्या लायब्ररीला हा मार्ग बंद असतो, आणि तिने चरितार्थासाठी देणगी, देखभालीचा मोबदला किंवा एखाद्या मोठ्या संस्थेचा आश्रय यांपैकी काहीतरी शोधावे लागते.

आपल्याकडे या प्रश्नाला स्वदेशी उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न मराठी मुलखात झाला आणि तो विस्मरणात जाऊ नये. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी २००५ च्या सुमारास नॉलेज पब्लिक लायसन्स या नावाची कल्पना मांडली. प्रोग्रॅमरांनी ज्ञानाची परस्परांत देवघेव करावी, परंतु स्वतः केलेल्या सुधारणांवरील हक्क ज्याचे त्याच्याकडे राहावेत, असा तिचा मध्यममार्गी आशय होता. जीपीएलच्या अटींना बिचकणाऱ्या भारतीय उद्योगाला मुक्तस्रोताकडे वळवण्याचा हेतू त्यामागे होता. तो परवाना रूढ झाला नाही, कारण बीएसडी, एमआयटी, अपाची यांसारखे, बदललेली संहिता खुली करण्याची अट न घालणारे शिथिल परवाने तोवर जगभर स्थिरावले होते आणि परवान्यांची संख्या वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडेच जाणत्यांचा कल होता. परंतु परदेशातून आलेल्या करारनाम्यावर निमूटपणे अंगठा उठवण्याऐवजी आपल्या उद्योगाच्या गरजा ओळखून स्वतःचा मसुदा लिहिण्याचे धैर्य त्यात होते, आणि ते मला मोलाचे वाटते.

दिल्लीतील पहिला मोठा संग्राम परवान्याचा नसून पेटंटचा होता, तरी दोहोंचा संबंध निकटचा आहे. कारण प्रताधिकाराचा परवाना कर्त्याने कितीही उदारपणे दिला, तरी त्यातील युक्तीवर तिसऱ्याच कोणाचे पेटंट असेल तर तो परवाना निष्प्रभ होतो. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ट) प्रमाणे केवळ संगणकाच्या आज्ञावलीवर पेटंट मिळत नव्हते. डिसेंबर २००४ च्या अखेरीस, जागतिक व्यापार संघटनेने घालून दिलेली १ जानेवारी २००५ ची मुदत गाठण्याच्या घाईत, सरकारने जो वटहुकूम काढला त्यात हे कलम पालटून, उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा यंत्राशी संयोग असेल तर आज्ञावलीलाही पेटंटचे दार उघडण्याची तरतूद केली होती. औषधांच्या पेटंटवरून देशभर उठलेल्या कोलाहलात ही तरतूद अनेकांच्या नजरेतून निसटली असती. परंतु मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांनी आणि सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी ती उचलून धरली, आणि मार्च २००५ मध्ये संसदेने जेव्हा विधेयक संमत केले तेव्हा ती त्यातून वगळली गेली होती. मुक्तस्रोताच्या दृष्टीने संसदेने घेतलेला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

यानंतरचा प्रसंग भारतीय मानक ब्युरोत घडला. दस्तऐवज साठवण्याच्या पद्धतीसाठी ओडीएफ हे खुले मानक २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मान्य केले होते; मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल हा सुमारे सहा हजार पानांचा प्रतिस्पर्धी मसुदा शीघ्र मार्गाने मान्यतेसाठी पुढे आणला. भारताच्या वतीने मत ठरवणाऱ्या समितीत सरकारी संस्था, शिक्षणसंस्था, उद्योग आणि कंपन्या यांचे प्रतिनिधी होते. सप्टेंबर २००७ मध्ये या समितीने प्रतिकूल मत दिले. आणि जिनिव्हा येथील चर्चेनंतर मार्च २००८ मध्ये पुन्हा मत घेण्यात आले तेव्हा एकोणीसपैकी तेरा सभासद विरोधात, पाच बाजूने आणि एक तटस्थ असा कौल पडला. जगाच्या मतदानात ते मानक मंजूर झाले, भारताचा नकार मात्र नोंदला गेला. या वादात भारतीय उद्योगच दुभंगलेला दिसला, आणि तीच दुफळी पुढे ई-शासनाच्या खुल्या मानकांच्या धोरणावर दोन-तीन वर्षे चालली. एका कामास एकच मानक असावे की अनेक, आणि मानकात गुंतलेल्या पेटंटचे स्वामित्वशुल्क सरकारने द्यावे की नाही, हे वादाचे दोन मुद्दे होते. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या धोरणाने, मानकाच्या आयुष्यभर स्वामित्वशुल्क लागू नये आणि शक्यतो एका कामास एकच मानक असावे, असा निर्णय दिला. उद्योगसंघटनांच्या दडपणाखाली मसुदा सौम्य होईल अशी अनेकांना धास्ती होती. ती या मुद्द्यावर खरी ठरली नाही.

परवाना कसा सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचतो याचे एक उदाहरण याच सुमारास घडले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली मुक्त केलेले 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फाँट लिनक्सवर मराठी-हिंदी वाचणाऱ्यांच्या नित्य वापरात होते. फाँट ही वस्तू दस्तऐवजाच्या आतच रुतवली जाते. मग जीपीएलच्या फाँटने छापलेले पत्र किंवा पुस्तकही जीपीएलखाली येते काय, असा प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर २०११ मध्ये हे फाँट, खास फाँटांसाठीच लिहिलेल्या आणि दस्तऐवजाला बंधनातून स्पष्टपणे मोकळे ठेवणाऱ्या, ओपन फाँट लायसन्स या परवान्याखाली आणले गेले आणि त्या शंकेला जागा उरली नाही.

मार्च २०१५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने केंद्र सरकारसाठी मुक्तस्रोत आज्ञावलींचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. केंद्राची सर्व खाती, आणि स्वेच्छेने स्वीकारतील ती राज्ये, यांना ते लागू होते. निविदेत बंद आज्ञावलीबरोबर मुक्तस्रोताचाही विचार करणे पुरवठादारांवर बंधनकारक झाले, तो न केल्यास त्याचे कारण देणे आवश्यक ठरले, आणि क्षमता, सुरक्षितता, सामरिक नियंत्रण, आयुष्यभराचा खर्च व साहाय्याची उपलब्धता यांचा तौलनिक विचार करून निवड करावी असा दंडक घातला गेला. त्याच वर्षी सरकारने स्वतःच्या आज्ञावलींची संहिता खुली करण्याचेही धोरण काढले, आणि २०१७ मध्ये त्यासाठी ओपनफोर्ज हे सामाईक ठिकाण उभे राहिले. १९७८ मध्ये एका परदेशी कंपनीला निरोप देणाऱ्या दिल्लीने तीन तपांनंतर आज्ञावलीच्या अटी स्वतः लिहिल्या, हे या कालखंडाचे खरे फलित होय.

मात्र आपल्या कायद्यातील एक जुने कलम या साऱ्या इमारतीच्या पायाशी तसेच राहिले, आणि त्याची चर्चा फार थोड्यांनी केली. प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काच्या हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा, अशी तरतूद आहे. आणि कलम ३०-अ ने ती योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू केली आहे. लेखक-कलावंतांना प्रकाशकांच्या आणि चित्रपटनिर्मात्यांच्या कायमस्वरूपी बंधनातून सोडवणारी ही तरतूद हितकारक आहे. परंतु एमआयटी किंवा बीएसडीसारख्या चार ओळींच्या परवान्यात मुदतीचा उल्लेखच नसतो, अपाचीच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र तो कायम आणि जगभर लागू असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते; म्हणून भारतात लायब्ररी निवडणाऱ्याने या तफावतीकडे दुर्लक्ष करू नये. २०१२ च्या दुरुस्तीने परवान्यावरील स्वाक्षरीची आवश्यकता काढून टाकली आणि लिखित परवाना पुरेसा ठरवला, ही गोष्ट मुक्तस्रोताला अनुकूल झाली.

या धोरणांचे परिणाम पुढील वर्षांत संमिश्र दिसले. मे २०२० मध्ये, महामारीच्या ऐन भरात, 'आरोग्य सेतू' या ॲपवर गोपनीयतेबद्दल आक्षेप येत असता, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता अपाची परवान्याखाली खुली केली. एनसीईआरटीचे 'दीक्षा' हे शिक्षणाचे व्यासपीठ एमआयटी परवान्याच्या सनबर्ड या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभे आहे. मात्र या खुलेपणाची उलट बाजू नोएडा आणि गुरुग्राम येथील, परदेशी ग्राहकांसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्यांना रोज सांभाळावी लागते. कारण त्यांच्या एखाद्या तरुण अभियंत्याने नकळत जोडलेली जीपीएलची एक लायब्ररी ग्राहकाच्या संपूर्ण संहितेवर अट ओढवू शकते. ही भीती निराधार नाही. पीडीएफ घडवणाऱ्या घोस्टस्क्रिप्टचा प्रताधिकार असलेल्या आर्टिफेक्स कंपनीने, व्यापारी परवाना न घेता आणि जीपीएलही न पाळता ती लायब्ररी वापरल्याबद्दल दक्षिण कोरियाच्या हॅनकॉमवर अमेरिकेत दावा लावला, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळण्यास नकार दिला, आणि जीपीएल हा बंधनकारक करार ठरू शकतो हे व्यापाऱ्यांना उमगले. पुढे त्याच वर्षी उभयपक्षी तडजोड झाली.

मोल देऊन परवाना घेणाऱ्या भारतीय कंपनीपुढे आणखी एक अडचण होती, ती प्राप्तिकराची. परदेशी आज्ञावलीची किंमत म्हणजे स्वामित्वशुल्क असे मानून आयकर खाते तीतून कर कापण्याचा आग्रह धरी, आणि यावरून उच्च न्यायालयांत परस्परविरुद्ध निकाल लागत गेले. २ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, प्रती करण्याचा हक्क न देता केवळ वापरासाठी वा पुढे विकण्यासाठी दिलेली आज्ञावली ही प्रताधिकाराचे हस्तांतरण नव्हे, असे ठरवून हा वाद मिटवला. तरी लायब्ररी आपल्या उत्पादनात जोडून तिच्या प्रती ग्राहकांना देण्याचा परवाना या चौकटीत कितपत बसतो, हा प्रश्न माझ्या मते त्या निकालाने आपोआप सुटत नाही.

दरम्यान जगात दुहेरी परवान्याचे वारे फिरले होते. मोठ्या क्लाउड कंपन्या मुक्त आज्ञावली वाटत नाहीत, ती आपल्या यंत्रांवर चालवून सेवा विकतात. त्यामुळे वाटपावर उभी असलेली जीपीएलची अट त्यांना लागत नाही. यावर उपाय म्हणून, माहिती साठवण्या-शोधण्याच्या आज्ञावली घडवणाऱ्या कंपन्यांपैकी मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपले परवाने कडक केले, इतके की मुक्तस्रोताच्या मान्य व्याख्येत ते बसेनात. आणि पुढे इलॅस्टिक व रेडिस या दोघांनी, जाळ्यावरून सेवा देणाऱ्यालाही जीपीएलची अट लावणाऱ्या एजीपीएल या परवान्याचा पर्याय देऊन परतीचा मार्ग धरला. आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने निराळा मार्ग निवडला आहे. तिची पायाभूत फ्रॅपे ही चौकट शिथिल एमआयटी परवान्याखाली, तिच्यावर उभारलेली ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय-व्यवस्थापनाची आज्ञावली जीपीएलखाली, आणि मिळकत मुख्यतः आज्ञावली चालवून देण्याच्या सेवेतून, अशी ही रचना आहे.

शिथिल परवान्याची उलट बाजूही याच काळात दिसली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लहानशा लायब्ररीत गंभीर छिद्र सापडले, आणि जगातील असंख्य सरकारी व खाजगी यंत्रणा रातोरात असुरक्षित ठरल्या. दिल्लीच्या सर्ट-इन या सरकारी संगणकसुरक्षा संस्थेनेही तातडीने इशारा दिला. ती लायब्ररी सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक होते, आणि अपाची परवाना वापरणाऱ्यावर त्यांना एक पैसाही देण्याचे बंधन घालत नाही. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात बंगळुरूच्या झेरोधा या दलाली कंपनीने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरसाल १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला; आणि त्याच महिन्यात सर्ट-इनने सरकारी व सार्वजनिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून, प्रत्येक आज्ञावलीच्या पोटातील घटकांची, त्यांच्या आवृत्तींची आणि परवान्यांची यादी ठेवण्यास सांगितले.

२०१५ चे धोरण भारतातील व जगातील मुक्तस्रोत समाजांशी सहकार्य करण्याची आणि योग्य तेथे योगदान देण्याची भाषा करते, परंतु ठोस बंधने त्यात मुख्यतः निविदेतील निवडीबाबतच आहेत. घेण्याचा विचार करण्याची सक्ती आहे, परतफेडीची मात्र तशी सक्ती नाही. आता यादी ठेवण्याची शिस्त आलीच आहे, तर दिल्लीने, आणि दिल्लीचे पाहून मुंबईच्या मंत्रालयानेही, यापुढील प्रत्येक संगणक-निविदेत त्या यादीतील लायब्ररींच्या देखभालीसाठी, मग तो व्यापारी परवाना असो, साहाय्याचा करार असो वा सरळ अनुदान असो, खर्चाचे एक निश्चित शीर्षक घालावे.